विद्येचा तिसरा वाटा : अभियांत्रिकी शिक्षणाचा एक आढावा

विद्येचे चार वाटे असतात, असा एका जुन्या सुभाषिताचा आशय आहे. पहिला वाटा आचार्यांकडून मिळतो, दुसरा शिष्य स्वबुद्धीने मिळवितो, तिसरा सहाध्यायांच्या संगतीत लाभतो आणि चौथा काळाच्या ओघात अनुभवाने पदरी पडतो. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतून आज मुलगे व मुली अभियांत्रिकी महाविद्यालयांत जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु पहिल्या वाट्यासाठी आईबाप पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरतात आणि तिसऱ्याचा मात्र सर्वांस विसर पडतो, असे आम्हांस दिसते. या तिसऱ्या वाट्याचा थोडासा इतिहास ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

वसई प्रांतास कारागिरी नवी नाही. पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ पासून १७३९ पर्यंत, वसई जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. आपल्या वाड्यांतील केळी व पानवेली कित्येक पिढ्या रहाटाच्या पाण्यावर पोसल्या गेल्या. होडी बांधणारा किंवा रहाट दुरुस्त करणारा मुलगा प्रथम मोठ्यांच्या हाती हत्यार देई, पुढे फळी धरी आणि मग स्वतः काम करू लागे. त्याचा पहिला शिक्षक बहुधा त्याच्याहून दोनचार वर्षांनी मोठा असलेला भाऊच असे.

या रीतीचे महत्त्व परकीयांनीही ओळखले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथगृहाचे प्रमुख असलेले अँड्र्यू बेल यांनी वाळूत बोटाने अक्षरे गिरविणारी एतद्देशीय मुले पाहिली. त्यावरून थोरल्या मुलांनी धाकट्यांस शिकवावे, अशी पद्धत त्यांनी आपल्या शाळेत घातली व १७९७ साली तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धती’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

आपल्या इलाख्यात यंत्रविद्येच्या व स्थापत्याच्या शिक्षणाचा पाया १८२३ च्या सुमारास मुंबईत घातला गेला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणित-शिल्प विद्यालय चालवून हे विषय मराठीत व गुजरातीत शिकविले आणि त्यासाठी मराठीत पुस्तके सिद्ध केली. १८५४ साली पुण्यास सार्वजनिक बांधकामासाठी मनुष्ये तयार करणारी शाळा निघाली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि १८८३ साली विश्वेश्वरय्यांसारखा विद्यार्थी तेथून बाहेर पडला. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था स्थापन झाली. १९९७ पासून तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे.

या संस्था मोजक्या होत्या. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने खाजगी विनाअनुदान महाविद्यालयांस वाट मोकळी केली आणि ही विद्या गावोगावी पोहोचली. वसईत विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ साली सुरू झाले. पूर्वी ज्या शिक्षणासाठी पुण्यास वा माटुंग्यास जावे लागे, ते घराजवळ आले. हा लाभ लहान नव्हे. मात्र विद्यार्थिसंख्या वाढली तसे लेखी परीक्षेचे वजन वाढले, कार्यशाळेचे तास उरकण्याचे झाले, आणि मुले शेजारी बसूनही एकेकटी शिकू लागली.

याच्या उलट काय घडू शकते, याचा दाखला पुण्याच्या त्याच जुन्या महाविद्यालयाने घालून दिला. तेथील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह बांधला व २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून तो अवकाशात गेला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रास अनुसरून उपग्रहातील चुंबकाने त्याची दिशा राखावी, अशी त्याची साधी पण चतुर योजना होती. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी पवईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रहही प्रक्षेपित झाला. या दोन्ही कामांस आठ-नऊ वर्षे लागली. विद्यार्थी महाविद्यालयात राहतो चार वर्षे! म्हणजे ज्यांनी आरंभ केला, ते उड्डाणाच्या दिवशी केव्हाच पदवीधर होऊन गेले होते. वरच्या वर्गाने खालच्या वर्गास टिपणे, चुका व कारणे समजावून दिली नसती, तर हे काम मध्येच थांबले असते. यासच आम्ही विद्येचा तिसरा वाटा म्हणतो.

मुंबई विद्यापीठानेही २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून लघुप्रकल्प घातले. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट, समाजाच्या गरजेतून निवडलेला विषय आणि दर आठवड्याच्या प्रगतीची नोंदवही, अशी ही योजना होती. परंतु नियम केल्याने वृत्ती बदलत नाही. आज तयार प्रकल्प बाजारात विकत मिळतो. तो आणून गुण पदरात पाडता येतात, पण नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत ‘हा भाग असाच का केला?’ असे विचारले की तोंड बंद होते. फसवणूक विद्यापीठाची होत नाही. ती आईबापांच्या कष्टांची व मुलाच्या उमेदीच्या वर्षांची होते.

विषयांचा तोटा तर मुळीच नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, वीज बंद झाली. आपल्या आळीतील पाणी कोठून येते, कोणत्या मोरीपाशी तुंबते, भरतीच्या वेळी त्याची पातळी किती चढते, हे चार मुलांनी एक पावसाळाभर मोजून नकाशावर मांडले, तर त्या कामाची किंमत कोणत्याही विकतच्या यंत्राहून अधिक ठरेल. वाडीतील विहिरीचे पाणी किती खारट झाले, पंपास वीज किती लागते, हेही मोजण्यासारखेच प्रश्न आहेत.

येथे ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य सुरू होते. गुणांवर पारितोषिके देण्याची आपली प्रथा चांगली आहे, ती चालू राहावी. त्यासोबत एक खोली, एक कामाचे टेबल व थोडी हत्यारे यांची सोय झाली पाहिजे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एक संध्याकाळ पहिल्या वर्षाच्या मुलांस द्यावी. आपल्यात कारखान्यांतून व रेल्वेच्या कार्यशाळांतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, वायरमन पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ पदवी नसेल, परंतु सुभाषितातील चौथा वाटा त्यांच्यापाशीच आहे. त्यांना त्या खोलीत मानाने बोलवावे. आणि पालकांस आमची विनंती अशी, की मुलाचे हात ग्रीसने काळे झालेले दिसले, तर अभ्यास बुडाला असे समजू नये.

आचार्यांचा वाटा महाविद्यालय देईल. उरलेल्या वाट्यांची जबाबदारी आपल्या घरांवर व आपल्या संस्थेवर आहे. ती आपण ओळखावी, हीच आमची प्रार्थना.