विसार ते करारनामा : भिवंडीतील घरखरेदीचा अधांतरी काळ

घराचा भाव तोंडी ठरून विसार दिल्यापासून दुय्यम निबंधकांपुढे करारनामा नोंदला जाईपर्यंतचा काळ. विसाराला इसार, बयाणा असेही म्हणतात. भिवंडीत आज सर्रास ‘टोकन’ हाच शब्द चालतो. या काळाला लोकांनी वेगळे नाव दिलेले नाही. विचारले तर ‘टोकन दिलंय, ॲग्रीमेंट बाकी आहे’ एवढेच उत्तर मिळते. हा काळ कधी आठ दिवसांत संपतो, तर कधी दिवाळीला दिलेले टोकन गुढीपाडव्यापर्यंत लोंबकळते. खिशातून पैसे गेलेले असतात, घरावर मात्र कसलाच हक्क आलेला नसतो.

शहरातील कामतघर, पद्मानगर, अंजूरफाटा किंवा ठाण्याच्या बाजूचे काल्हेर, कशेळी, पूर्णा या भागांत जुना फ्लॅट घ्यायचा तर बोलणी बहुधा एजंटच्या कार्यालयात होतात. भाव तुटला की शुभ म्हणून अकरा, एकवीस किंवा एक्कावन्न हजार रुपये पुढे केले जातात आणि पावती लिहिली जाते. तिच्यावर फ्लॅटचा क्रमांक, ठरलेली किंमत, मिळालेली रक्कम, ‘बाकी रक्कम लोन पास झाल्यावर’ हे वाक्य आणि खाली दोन सह्या असतात. पुढचे सगळे भांडण या कागदावर जे लिहिलेले नसते त्यावरून होते. लोन पास झालेच नाही तर टोकन परत मिळणार की बुडणार? किती दिवसांत? फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावे असताना सही एकट्या नवऱ्याचीच का? सोसायटीची थकबाकी कोणी भरायची? बोलणी चालू असताना हे प्रश्न विचारणे अविश्वासाचे वाटते, म्हणून ते राहून जातात. वास्तविक ते विचारण्याची वेळ तीच असते. एकदा पैसे हातचे गेले की विचारणाऱ्याचा जोर ओसरतो.

कायद्याची बाजू सामान्य समजुतीपेक्षा वेगळी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, असे विकणाऱ्याला सांगण्याचा अधिकार तेवढा मिळतो. मात्र असा करार लेखीच हवा असे बंधन भारतात नाही. तोंडी करारही चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. अडचण पुराव्याची. नोंदणी न झालेली विसारपावतीसुद्धा करार पुरा करून घेण्याच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येते, तशी मुभा नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४९ मध्ये आहे. त्या दाव्याची मुदत तीन वर्षे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यांना पूर्वीपेक्षा बळ आले. तरीही विसाराची कल्पना नसलेल्या तिसऱ्या माणसाने प्रामाणिकपणे पूर्ण मोबदला देऊन तेच घर घेतले, तर पहिल्याचा दावा त्याच्यावर चालत नाही. टोकन देणाऱ्याने वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर सूचनेचे खरे मोल इथे कळते. तिने हरकती तर मागवता येतातच, शिवाय या घराचा सौदा झाला आहे ही गोष्ट चारचौघांत जाते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये व्यवस्था उलटी आहे. तिथे १९८९ च्या कायद्याने जमिनीचा करार लेखीच लागतो आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत कोणीही बांधील नसते. होकार दिल्यावरही विकणारा जास्त भाव देणाऱ्याकडे वळू शकतो. त्या प्रकाराला तिकडे ‘गझम्पिंग’ हा खास शब्द आहे. आपल्याकडे कायदा शब्दाला किंमत देतो, पण शब्द दिला गेला होता हे सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्यावर टाकतो.

विसार आणि आगाऊ रक्कम यांतला फरकही महत्त्वाचा. करार पाळण्याची हमी म्हणून दिलेला विसार, घर घेणाऱ्याच्या चुकीने सौदा मोडल्यास, जप्त होऊ शकतो. नुसती किमतीपोटी दिलेली रक्कम तशी जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात म्हटले आहे. पावतीवर ‘टोकन’ एवढाच शब्द असला की ती रक्कम दोहोंपैकी कोणती, यावरच वाद पेटतो.

नव्या इमारतीत बिल्डरकडून घर घेणाऱ्याला संरक्षण जास्त आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास मनाई केली. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ ने ही मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२२ मध्ये वाटपपत्राचा नमुना ठरवून दिला. त्याप्रमाणे पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास कपात नाही. ३० दिवसांपर्यंत किमतीच्या एक टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड टक्का आणि त्यानंतर दोन टक्के कापता येतात. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. आणि एका घरमालकाने दुसऱ्याला जुने घर विकण्याचा व्यवहार तर रेराच्या कक्षेबाहेरच राहतो.

भिवंडीत हा काळ लांबण्याची कारणे गावाच्या घडणीत आहेत. यंत्रमागावर पोट असलेल्यांची कमाई खरी असते, पण कागदावर नसते. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाचे कर्ज मंजूर करताना बँक खाते-उतारे, विवरणपत्रे, दुकानाचा परवाना अशी एकामागून एक कागदपत्रे मागते. दुसरीकडे घराचेही कागद अपुरे निघतात. शहरात परवानगी भिवंडी-निजामपूर महापालिकेची, तर भोवतालच्या ६० गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए. या गावांत ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती दाखवून ‘सगळं क्लिअर आहे’ असे सांगितले जाते. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत ठरत नाही. बँकेचा वकील बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागतो, ते मिळत नाही आणि कर्ज अडते. तोवर टोकन देऊन महिना उलटलेला असतो. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्यावरून नुसता रेरा क्रमांक पाहून भागत नाही, परवानगी देणाऱ्या कार्यालयातच खात्री करावी लागते, हे दिसले.

इमारतीचे वय हा प्रश्न तर जिवाशी जोडलेला. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधील १९८४ साली बांधलेली जिलानी इमारत कोसळून चाळीसच्या आसपास माणसे दगावली. धोकादायक इमारतींची यादी महापालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. टोकनआधी ती पाहणे हे फुकटात होणारे काम आहे.

भाव चढते असले की धोका विकणाऱ्याच्या बाजूने येतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. ती मार्गिका कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा, धामणकर नाका अशी जाते. असा प्रकल्प जवळ आला की घरमालकाला आपण स्वस्तात दिले असे वाटू लागते. टोकन परत करून सौदा मोडणे किंवा एकाच घराचे दोघांकडून टोकन घेणे, हे दोन्ही प्रकार मग घडतात. पावतीवर केवळ ‘टोकन परत’ असे असेल तर मालकाला मोडण्याची किंमत शून्य पडते. म्हणून जाणते एजंट ‘मालकाने मोडल्यास दुप्पट’ अशी अट घालतात. ती जशीच्या तशी वसूल होईलच असे नाही, कारण करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. पण मोडण्याआधी माणूस दहादा विचार करतो.

रोखीचा मुद्दा जुन्या सवयीचा आहे. २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या सौद्यापोटी वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. १६ एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचा दावा पुढे आल्यास आयकर विभागाला कळवावे, असे न्यायालयांना आणि नोंदणी अधिकाऱ्यांना बजावले. धनादेशाने किंवा खात्यातून दिलेले टोकन तारखेसह पुरावा ठरते.

हा काळ संपतो तो निबंधक कार्यालयात. मुद्रांक शुल्क भरलेले, नोंदणी फी (एक टक्का, कमाल ३० हजार रुपये) भरलेली, दोन ओळखदार सोबत. कॅमेऱ्यापुढे एकेक जण बसतो, अंगठा यंत्रावर टेकवतो. थोड्या वेळाने सूची क्रमांक २ चा कागद छापून येतो आणि त्यावर दस्त करून घेणाऱ्याच्या रकान्यात घर घेणाऱ्याचे नाव पहिल्यांदा दिसते.