विजेच्या गाडीचं कूळ

परवडणाऱ्या विजेच्या गाडीचं कूळ शोधत गेलं, की वाटेत महागडी स्पोर्ट्स कार लागते आणि तिच्याही मागे लॅपटॉप.

सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे लॅपटॉपचा खप वाढला, बोटाएवढे सेल कोट्यवधींनी बनू लागले आणि स्वस्त झाले. कॅलिफोर्नियातल्या एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीने २००३ मध्ये आपल्या ‘टीझीरो’ गाडीतून शिशाच्या जड बॅटऱ्या काढून असे हजारो सेल बसवले. गाडी हलकी झाली, वेग आणि पल्ला दोन्ही वाढले. या बदलासाठी मार्टिन एबरहार्ड या इंजिनियरने पैसा दिला होता. त्याच वर्षी त्याने मार्क टार्पेनिंगसोबत टेस्ला स्थापन केली.

२००८ मध्ये आलेल्या टेस्ला रोडस्टरमध्ये ६,८३१ सेल होते. किंमत सुमारे एक लाख डॉलर!

तेव्हा बॅटरीच इतकी महाग होती, की साध्या गाडीची निम्मीअधिक किंमत तिनेच खाल्ली असती. वेगाच्या शौकिनांना मात्र तो खर्च जड नव्हता. अशा जेमतेम अडीच हजार गाड्या खपल्या, पण हजारो सेल एकत्र बांधायचे कसे, थंड ठेवायचे कसे, हे कंपनी त्यांच्यावर शिकली. महागड्या गाडीच्या पैशातून पुढची स्वस्त गाडी बनवायची, हा बेत इलॉन मस्क यांनी २००६ मध्येच जाहीर केला होता. त्याप्रमाणे २०१२ मध्ये मॉडेल एस आली आणि २०१७ मध्ये मॉडेल ३.

तरी सगळं श्रेय श्रीमंत ग्राहकांना देणं अन्यायाचं होईल. २०१० मध्ये अमेरिकी सरकारने टेस्लाला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, म्हणजे करदात्यांनीही जोखीम उचलली. कंपनीने ते २०१३ मध्ये मुदतीआधी फेडलं.

भारतात सुरुवात उलट्या टोकाने झाली. बंगळुरूची चिमुकली ‘रेवा’ २००१ मध्ये आली, पण शिशाच्या बॅटरीवर तिचा पल्ला तोकडा राहिला. मोठ्या संख्येने खपणारी गाडी मिळायला २०२० उजाडावं लागलं: टाटांची नेक्सॉन ईव्ही, पुण्याजवळच्या रांजणगावची. २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८.४९ लाखांपासून मिळू लागली. टेस्लाने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडलं ते जुलै २०२५ मध्ये, आणि तिथली सर्वांत स्वस्त गाडी होती जवळपास साठ लाखांची.