भिंतींच्या आंतलें संकट

मुळशी हें नांव महाराष्ट्रांत गाजलें तें १९२१ सालीं. धरणाच्या पाण्याखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला. तें संकट डोळ्यांना दिसणारें होतें. बरोबर शंभर वर्षांनीं त्याच तालुक्यावर जो घाला आला, त्याचें कारण मात्र कारखान्याच्या चार भिंतींच्या आंत दडलेलें होतें.

तालुक्याच्या पूर्वेस पिरंगुटाच्या आसपास गेल्या कांहीं दशकांत अनेक कारखाने उभे राहिले. त्यांपैकीं उरवडे येथील एका कारखान्यांत पाणी शुद्ध करण्याकरितां क्लोरीन डायऑक्साइडचीं उत्पादनें तयार होत असत. ७ जून २०२१ रोजीं, सोमवारीं दुपारीं, तेथें आग लागली. सतरा कामगार मृत्युमुखीं पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आंत अडकलेल्यांपर्यंत पोहोंचण्यासाठीं भिंत फोडावी लागली. या एका गोष्टींतच सर्व प्रश्नाचें मर्म सांठवलेलें आहे.

क्लोरीन डायऑक्साइड हा पिवळसर हिरवा वायु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानें शोधून काढला. तो हवेपेक्षां सव्वादोन पटींहून जड असल्यानें जमिनीलगत साचतो, आणि हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दहाच्या वर गेलें कीं स्फोटाचें भय असतें. म्हणून तो सांठवीत नाहींत. सोडियम क्लोराइटवर आम्लाची क्रिया करून लागेल तेव्हां तयार करतात. सोडियम क्लोराइट स्वतः जळत नाहीं. पण प्राणवायु पुरवून शेजारचा कागद किंवा प्लॅस्टिक मात्र भडकवून देतें. जें पाण्यांतले जंतु मारतें, तेंच अशा रीतीनें घातकहि ठरूं शकतें.

या बाबतींतले कायदे बहुतांशीं भोपाळच्या आघातांतून जन्मले. १९८४ च्या डिसेंबरांत, दोन व तीन तारखांच्या मधल्या रात्रीं, विषारी वायु कारखान्याबाहेर पसरला आणि झोंपलेलें शहर त्याच्या तडाख्यांत सांपडलें. त्यानंतर १९८७ सालीं कारखाने कायद्यांत धोकादायक उद्योगांसंबंधीं नवें प्रकरण घातलें गेलें. १९८९ सालीं घातक रसायनांच्या सांठ्याविषयीं व १९९६ सालीं रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीविषयीं नियम झाले. हे नियम आवश्यकच होते. परंतु त्यांतील पुष्कळसा भार सांठ्याच्या मोठ्या परिमाणांवर आणि कुंपणाबाहेरच्या वस्तीवर होता. लहान कारखान्यांतील एका खोलीचा विचार त्यामानानें मागें पडला.

वास्तविक खोलीचें गणित निराळें असतें. उघड्यावर वारा वायूला विरळ करतो. बंद जागेंत तो तेथेंच कोंडतो. क्लोरीन डायऑक्साइडसाठीं आठ तासांच्या कामाची सर्वमान्य मर्यादा हवेच्या एक कोटि भागांत एक भाग अशी आहे. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद व चार मीटर उंच खोलींत ती गांठावयास अवघा चाळीस घनसेंटिमीटर, म्हणजे लहान वाटीभरहि नव्हे, इतका वायु पुरतो. ताशीं एकदां खोलीइतकी ताजी हवा आंत आली, तरी ती जुन्या हवेंत मिसळत असल्यामुळें तासाभरानें मूळ वायूचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग शिल्लक राहतो.

म्हणून अशा जागेची पारख करतांना तीनच प्रश्न आधीं विचारावे लागतात. सांठा कशाचा व कशाशेजारीं आहे? हवा कोठून येते व कोठें जाते? आणि माणूस बाहेर कसा पडेल? ज्वालाग्राही मालापासून रसायन दूर ठेवणें, जमिनीलगतची हवा ओढून घेणारी योजना करणें, परस्परांपासून दूर असे दोन दरवाजे बाहेर उघडणारे व सदैव मोकळे ठेवणें, इशारा होतांच हातचें काम टाकून निघण्याचा सराव करणें, हे उपाय खर्चिक नाहींत. १९८७ च्या दुरुस्तीनें कामगारांस धोक्याची माहिती मिळण्याचा हक्कहि दिला; पण ती माहिती मालाचें वेष्टन बांधणाऱ्या बाईला समजेल अशा भाषेंत पोहोंचली, तरच त्या हक्काला अर्थ आहे.

इमारतीचा आराखडा दारापासून काढला जातो. सुरक्षिततेचा आराखडा मात्र दारापासून सर्वांत दूर बसलेल्या माणसापासून काढावयास हवा, हा उरवड्याचा धडा आहे.