सागरी हवेतील लेशवायूंचे मापन

समुद्रावरून येणाऱ्या आणि जमिनीवरील धूर-धुळीचा संपर्क न झालेल्या हवेत अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या वायूंचे (लेशवायूंचे) नियमित मापन. हे प्रमाण आधारमूल्य धरून वातावरणातील दीर्घकालीन बदल ठरवितात. टास्मानियातील केप ग्रिम (स्थापना १९७६) हे यासाठीचे प्रमुख केंद्र होय.

काबो द राम : दक्षिण गोव्यातील या ठिकाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मी. उंचीच्या कड्यावर १९९३ पासून २००२ पर्यंत व खंडानंतर पुन्हा २००९ पासून काही वर्षे हवेचे नमुने घेण्यात आले. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा व ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ही संस्था यांचा या कामात सहभाग होता. वारा समुद्रावरून वाहत असतानाच नमुना घेत. काचेच्या कुपीतून प्रथम कड्यावरची हवा वाहू देऊन आतील जुनी हवा घालवीत व मग पंपाने किंचित दाब देऊन तोट्या बंद करीत. हवेच्या वाटेत बाष्पशोषक रसायन ठेवीत, कारण कुपीत बाष्प राहिल्यास कार्बन डाय-ऑक्साइडमधील ऑक्सिजनाच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वस्तुमानांच्या अणूंची) पाण्यातील ऑक्सिजनाशी अदलाबदल होऊन मापन बिघडते. कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व नायट्रस ऑक्साइड यांचे मापन गॅस क्रोमॅटोग्राफने, तर समस्थानिकांचे वस्तुमान वर्णपटमापकाने करीत.

जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे विषुववृत्तापलीकडील हवा आणतात व मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण उतरते. हिवाळ्यात ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर जमिनीवरची प्रदूषित हवा समुद्रावर गेलेली असल्याने ते चढते. मिथेनाच्या उतारास वाऱ्याच्या उगमाप्रमाणेच हायड्रॉक्सिल मूलकाशी होणारी विक्रियाही कारणीभूत मानतात.

अन्य घटक : आयोडीन मोनॉक्साइड हिंदी महासागरावर बहुधा हजार अब्ज भागांत एका भागाहूनही कमी आढळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आकाशातून विखुरलेल्या सूर्यप्रकाशाच्या शोषणावरून जहाजावर त्याचे मापन केले आहे. डायमिथिल सल्फाइड हा सागरी सूक्ष्मवनस्पतींपासून निर्माण होणारा वायू आहे.

सोलापूर : मोसमी वारे सह्याद्री ओलांडून येथे पोहोचेपर्यंत हवेत जमिनीवरचे कण मिसळलेले असतात. याच पर्जन्यछायेच्या प्रदेशात उपरोक्त पुण्याच्या संस्थेने ‘कायपीक्स’ प्रयोगात ढग व तरंगत्या कणांचे मापन केले. मात्र ती मापने सागरी आधारमूल्य म्हणून धरता येत नाहीत.