रस्ता चालणाऱ्याचा की धावणाऱ्याचा?

गावातलं माणूस पहिल्यांदा शहरात निघालं की घरची वडील मंडळी त्याला दोन गोष्टी बजावतात. एक, खिसा सांभाळ. आणि दुसरी, रस्ता ओलांडताना जप. पहिल्या सूचनेत चोराला कुणी भला म्हणत नाही. दुसऱ्या सूचनेत मात्र आपण एक गोष्ट मुकाट्यानं कबूल करून टाकलेली असते. ती अशी की, शहरातला रस्ता मोटारींच्या मालकीचा आहे, आणि पायी चालणारा तिथं आगंतुक आहे. ही समजूत आपल्याला अनादिकालापासूनची वाटते. पण श्रोतेहो, इतिहास पाहू गेलं तर ती जेमतेम शंभर वर्षांची आहे. ती कुठून आली, कुणी रुजवली आणि पुढं काही देशांनी ती कशी उलटवली, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

फार मागं जायचं तर इटलीतल्या पाँपेई शहरापर्यंत जाता येईल. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडलं गेलं, म्हणूनच ते जसंच्या तसं राहिलं. तिथले रस्ते आजही पाहायला मिळतात. दोन्ही बाजूंना उंच पदपथ आहेत आणि एका पदपथावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी रस्त्यात मोठमोठे दगड बसवलेले आहेत. पावसाचं पाणी, घाण खालून वाहून जावी आणि माणसानं दगडावर पाय ठेवत कोरडं पलीकडं जावं. दगडांमधली फट गाडीची चाकं जातील एवढीच ठेवलेली. म्हणजे गाडीवानाला तिथं बैल आवरावेच लागत. खुद्द रोम शहरात तर ज्यूलियस सीझरच्या काळात, इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास, दिवसा गाड्यांना बंदीच होती. देवळांच्या आणि सरकारी बांधकामाच्या गाड्यांसारखे अपवाद सोडले तर मालाच्या गाड्या दुपार कलल्यावर आत येत. मग रात्रभर चाकांचा खडखडाट आणि लोकांची झोपमोड! त्याचीही तक्रार रोमन कवीनं करून ठेवली आहे. कोणत्याही व्यवस्थेत कुणाची ना कुणाची गैरसोय होते. प्रश्न एवढाच की ती कुणाची व्हावी.

इंग्लंडात वाफेच्या गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हा १८६५ च्या कायद्यानं त्यांना गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल एवढीच मुभा दिली. शिवाय गाडीच्या पुढं साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला एक माणूस चालला पाहिजे! आज आपल्याला याचं हसू येतं. पण धोका ज्यानं आणला त्यानंच इशारा द्यावा, हा त्या कायद्यामागचा न्याय काही हसण्यासारखा नाही. १८६८ च्या डिसेंबरात लंडनच्या पार्लमेंटजवळ जगातला पहिला वाहतूक-सिग्नल उभा राहिला. रेल्वेच्या सिग्नलसारखे त्याला हात होते आणि रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे लागत. महिनाभरातच गॅसचा भडका उडून तो चालवणारा पोलीस भाजला, आणि सिग्नलही गेला. पुढं १८९६ मध्ये हलक्या मोटारींपुढं माणूस चालवण्याची अट उठली.

आता आपण अमेरिकेत जाऊ. खरी कलाटणी तिथं मिळाली.

१९२० च्या आसपास अमेरिकेतल्या शहरांत मोटारी झपाट्यानं वाढल्या. तोवर रस्त्यावर मुलं खेळत, फेरीवाले माल विकत, बायका उभ्या राहून बोलत. मोटारी त्या गर्दीत घुसल्या आणि माणसं मरू लागली; त्यांत मुलांचा भरणा मोठा. सुरुवातीला लोकांचा राग सरळ मोटारवाल्यांवर होता. न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली हजारो मुलांची मिरवणूक निघाली. काही शहरांनी मोटारीखाली मेलेल्या मुलांची स्मारकं उभारली, जशी लढाईत पडलेल्या शिपायांची उभारतात. १९२३ साली सिनसिनाटी शहरात बेचाळीस हजार नागरिकांनी अर्जावर सह्या केल्या. मागणी अशी होती की, शहरातल्या प्रत्येक मोटारीला असं यंत्र बसवावं की वेग ताशी पंचवीस मैलांवर, म्हणजे चाळीस किलोमीटरवर गेला की इंजिन आपोआप बंद पडावं.

मोटारी विकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. जी मोटार चाळीसच्या पुढं जात नाही ती कोण विकत घेणार? त्यांनी एकजूट केली, पैसा ओतला, घरोघर प्रचार केला आणि मतदानात ती मागणी पाडली. पण त्यांनी यातून एक धडा घेतला. वेगावर बोट ठेवू द्यायचं नसेल, तर बोट दुसरीकडं वळवायला हवं. मग दोष द्यायचा कुणाला? चालणाऱ्याला!

यासाठी त्यांनी एक शब्द हाताशी धरला: 'जेवॉकर'. त्या काळच्या अमेरिकन बोलीत 'जे' म्हणजे खेडवळ, गावंढळ माणूस. शहरात आला आणि भांबावून इकडंतिकडं बघत राहिला, असा. 'जेवॉकर' म्हणजे गावंढळासारखा रस्त्यावरून चालणारा. माझ्या खेड्यातल्या श्रोत्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. पादचाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा हा शब्द मुळात खेडुताला दिलेली शिवी आहे. बालवीरांच्या हाती पत्रकं देऊन ती रस्ता ओलांडणाऱ्यांना वाटवली गेली. शाळांतून शिकवलं गेलं की रस्ता मोटारींसाठी आहे, तुम्ही कडेनं चाला. १९२५ साली लॉस एंजेलिस शहरानं पादचाऱ्यांवर बंधनं घालणारा नियम केला आणि इतर शहरांनी तो उचलला. दहा-पंधरा वर्षांत जनमत असं फिरलं की, मूल मोटारीखाली आलं तर पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला, 'आईचं लक्ष कुठं होतं?'

मला वाटतं, गेल्या शतकातला एवढा मोठा आणि एवढा गुपचूप झालेला जमिनीचा व्यवहार दुसरा नसेल. ना खरेदीखत, ना मोबदला. आणि शहरोशहरीचा रस्ता एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढला.

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर हेच घडलं. हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, हा सायकलींचा देश. पण तिथंही १९५० नंतर मोटारींसाठी घरं पाडून रस्ते रुंद होऊ लागले. १९७१ साली एवढ्याशा त्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली; त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. व्हिक लांगनहॉफ नावाच्या एका पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी सायकलवरून शाळेला जाताना गेली. बापानं दुसऱ्या वर्षी वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. त्याचा मथळा होता 'बालहत्या थांबवा'. अपघात नव्हे, हत्या! त्याच नावाची चळवळ उभी राहिली आणि मार्त्ये व्हान पुटन ही तरुण आई तिची पहिली अध्यक्षा झाली.

या चळवळीची रीत मोठी मौजेची होती. बायका-मुलं आपल्या गल्लीची दोन्ही तोंडं बंद करत, रस्त्यात मेजं मांडून पंगत उठवत, मुलांना खेळायला सोडत. मुलांना घेऊन पंतप्रधानांच्या घरी जात, गाणी म्हणत आणि सुरक्षित रस्ते मागत. पंतप्रधानही दाराशी येऊन ऐकून घेत. त्यातच १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखलं. सरकारनं त्या नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. हमरस्त्यांवर मुलं चाकांचे बूट घालून हिंडली, घोडागाड्या निघाल्या. रस्ता मोटारीवाचून कसा दिसतो, हे एका पिढीनं प्रथमच पाहिलं.

याच सुमारास डेल्फ्ट शहरात एक निराळा प्रयोग चालू होता. तिथल्या जुन्या गल्ल्यांतून नगरपालिकेच्या माणसांनी आणि रहिवाशांनी मिळून रस्त्याची ठेवणच बदलली. सरळ वाट मोडून वळणं घेतली. मध्ये झाडं, बाकं, फुलांचे वाफे आणले. पदपथ आणि रस्ता यांतली पायरी काढून सगळं एका पातळीवर केलं. मोटारीला मज्जाव नाही, पण तिनं माणसाच्या चालीनं चालावं. या रचनेला डच लोक 'वूनएर्फ' म्हणतात. 'वून' म्हणजे राहणं आणि 'एर्फ' म्हणजे घरापुढची मोकळी जागा. आपल्याकडं याला 'अंगण' हा उत्तम शब्द तयारच आहे. १९७६ साली या अंगणांना तिथं कायद्याची मान्यता मिळाली.

यातलं मर्म असं की, पाटी लावून गाडी हळू होत नाही. रस्ता तसा असेल तरच होते. आपली बैलगाडी मोकळ्या सडकेला लागली की बैल आपणहून पाय उचलतात आणि अरुंद पांदीत शिरले की आपणहून चाल कमी करतात. मोटार हाकणाऱ्याचंही तसंच आहे. रुंद, सरळ, मोकळा रस्ता त्याला 'पळ' म्हणतो. मग कडेला 'सावकाश' लिहून काय उपयोग? डच लोकांनी मुख्य रस्त्यांच्या कडेनं सायकलींना स्वतंत्र वाटा दिल्या आणि वस्तीतले रस्ते मुद्दाम अडचणीचे केले. लोकसंख्या वाढली, मोटारी कितीतरी वाढल्या, तरी अलीकडच्या काळात तिथं वर्षाला सातशेच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात. सातशेही थोडी नव्हेत. पण तीन हजार कुठं आणि सातशे कुठं!

स्वीडनच्या पार्लमेंटनं १९९७ साली पुढचं पाऊल टाकलं. माणूस चुकणारच, म्हणून त्याची चूक त्याच्या जिवावर बेतणार नाही असा रस्ता बांधणं हे बांधणाऱ्याचं काम, असं धोरणच त्यांनी ठरवलं. शिक्षक मंडळींना यामागचं गणित फळ्यावर मांडता येईल. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३० वरून ५० झाला तर तो दीडपटीहून थोडा अधिक झाला. पण ऊर्जा पंचवीस भागिले नऊ, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. तीसच्या धडकेतून माणूस बहुधा वाचतो. पन्नासला त्याचं नशीब. म्हणून वस्तीत तीस, हा आकडा तिकडं सर्वत्र दिसू लागला. फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथं २०१९ साली रस्त्यावर एकही पादचारी दगावला नाही.

आणि चालणारे सगळे सारखे नसतात, हेही लोक हळूहळू शिकले. जपानात सेइइची मियाके या गृहस्थांनी अंधांसाठी पायाला जाणवतील अशा उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसल्या. आपल्या रेल्वे फलाटांवर जो पिवळा खडबडीत पट्टा दिसतो, तो तिथूनच आला. काही ठिकाणी त्या पट्ट्यावरच खांब उभा असतो, ही गोष्ट वेगळी.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत जवळजवळ ३३ हजार पायी चालणारी होती. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. पुढं तिथं दुचाक्यांचा पूर लोटला. त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, झाडांखाली बसायला जागा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये गजबजलेला लक्ष्मी रस्ता एक दिवस केवळ पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्यात आला. फेरीवाल्यालाही रस्त्यावर कायदेशीर जागा आहे, हे २०१४ च्या केंद्रीय कायद्यानं मान्य केलं आहे.

तुम्ही म्हणाल, हे शहराचं झालं. पण गावच्या मधून किंवा शाळेच्या दारावरून रुंद, गुळगुळीत सडक गेली की तोच प्रश्न गावात येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे नवं कलम आलं. सुरक्षिततेची ठरलेली मानकं न पाळल्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर रस्ता आखणारा अधिकारी, सल्लागार किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शिक्षकांनी शाळेपुढं एक प्रयोग करून पाहावा. दोन पदरी सडक सात मीटर रुंद असते. लहान मूल सेकंदाला साधारण मीटरभर चालतं, तेव्हा त्याला ओलांडायला सात सेकंद हवेत. ताशी साठ किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्यात ११७ मीटर अंतर तोडते. शाळेच्या दारातून दोन्ही बाजूंना टेप धरून मोजा. ११७ मीटरपर्यंत सडक मोकळी दिसते का, की आधीच वळण, वडाचं झाड किंवा उभी राहिलेली एस.टी. आड येते? गाडी तीसनं आली तर हेच अंतर ५८ मीटर होतं. सडकेच्या मध्यभागी मुलांना थांबायला उंच कट्टा बांधला, तर एका वेळी एकच बाजू पाहायची आणि साडेतीन मीटरच ओलांडायचे. तेव्हा २९ मीटर पुरतात. हे मोजलेले आकडे मुलांच्या हस्ताक्षरात एका कागदावर उतरवून ग्रामसभेत ठेवावेत आणि वर सांगितलेलं कलम त्याच कागदाला जोडावं.