बर्फातली चाकोरी

फेब्रुवारी १९००. कॅनडातल्या डॉसन गावी एड जेसन नावाच्या सोनेशोधकाने १५० डॉलर मोजून एक सायकल घेतली. तिच्यावर हात अजून पुरता बसलेला नव्हता, तरी महिनाअखेरीस तो अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोमकडे निघाला. अंतर सुमारे १६०० किलोमीटर, मुंबई-दिल्लीपेक्षाही जास्त. रस्ता असा नव्हताच. होती ती गोठलेली युकॉन नदी.

डॉसनजवळच्या क्लोंडाइक परिसरात १८९६ मध्ये सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिकडे धावली. बहुतेक जण पोहोचेपर्यंत चांगल्या जागा संपल्या होत्या. मग बातमी आली, नोमला समुद्रकाठच्या वाळूतच सोनं मिळतंय. आगबोटीची वाट पाहायची तर नदी मोकळी व्हायला उन्हाळा उजाडणार, आणि तोवर तिथल्याही जागा जाणार. बर्फावरून जायचं तर कुत्र्यांची गाडी हवी. पण कुत्रे महाग, शिवाय त्यांच्यासाठी सुक्या मासळीचं ओझं बरोबर न्यायचं. सायकलला दाणापाणी लागत नाही. अमेरिकेत ते दशकच सायकलच्या वेडाचं होतं, त्यामुळे हे गणित जेसनप्रमाणेच इतरांनाही सुचलं.

न्यूयॉर्कच्या काही व्यापाऱ्यांना तर ते १८९७ मध्येच सुचलं होतं. त्यांनी ‘क्लोंडाइक बायसिकल’ नावाच्या भारवाहू सायकलची जाहिरात केली. तिचा धंदा काही उभा राहिला नाही, पण तिच्यातली एक गोष्ट मन लावून पाहावी अशी आहे. सांगाड्याच्या नळ्यांवर कच्चं चामडं गुंडाळायचं ठरलं होतं. कडाक्याच्या थंडीत उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी तिथेच चिकटते. ज्याने हे चामडं सुचवलं, त्याला ती थंडी ठाऊक होती.

जेसनच्या साध्या सायकलला असं काही नव्हतं. बेअरिंगमधलं तेल गोठलं, तेव्हा चाकं फिरेनात. नाक बधिर व्हायला लागलं, पण ते चोळायला हँडलवरचा हात काढावा तर तोल जायचा. रबरी टायर लाकडासारखे कडक झाले होते. अलास्कात सायकलस्वारांच्या पुढच्या पिढ्यांनी टायरच्या याच प्रश्नावर डोकं लढवलं. १९८७ मध्ये तिथे ‘इडिटाबाइक’ ही बर्फावरची शर्यत सुरू झाली, आणि रुंद रिम, जाड टायर, कमी हवा अशी वाट काढत आजची फॅट बाइक घडली.

१९०० साली हाताशी होती ती चाकोरी. कुत्र्यांच्या गाड्या जाऊन जाऊन बर्फ दबायचा आणि त्यात घसरपट्ट्यांच्या दोन अरुंद खाचा पडायच्या. सायकलचं चाक त्यातल्या एका खाचेत बसवायचं आणि तिथेच ठेवायचं. चाक जरा बाहेर गेलं की माणूस सायकलसकट भुसभुशीत बर्फात. एरवी चाकोरीबाहेर जाणाऱ्याचं आपल्याला कौतुक असतं. युकॉनवर चाकोरी धरून राहण्यातच सगळं कौशल्य होतं.

थंडीचा अंदाज घ्यायचीही रीत होती. जॅक मॅक्वेस्टन या जुन्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानाबाहेर बाटल्या मांडून ठेवल्या होत्या: पारा, व्हिस्की, रॉकेल आणि ‘पेनकिलर’ नावाचं औषध. पारा उणे ३९ अंश सेल्सियसला गोठतो. तो गोठला की रात्री मुक्कामाबाहेर राहू नये, आणि औषध गोठलं तर शेकोटीही सोडू नये, असा त्या बाटल्यांचा इशारा.

पण सायकलस्वाराला कडक थंडी एका बाबतीत सोयीची होती. बर्फ सर्वांत निसरडा होतो तो वितळण्याच्या बेतात असताना, वर पाण्याचा पातळ थर आला की. खूप खाली गेलेल्या तापमानात तोच बर्फ चाकाला बरीच पकड देतो. लवकर निघालेल्या जेसनला नदी टणक मिळाली. वाऱ्याने त्याला पाडलं, सायकल मोडली, ती त्याने डागडुजी करून पुढे नेली आणि साधारण पाच आठवड्यांत नोम गाठलं. हिवाळाभर बाहेरची खबर न मिळालेल्या त्या गावात त्याने आणलेली वर्तमानपत्रं लोकांनी अधाशासारखी वाचली.

मॅक्स हिर्शबर्गला मात्र उशीर झाला. ओहायोतला हा तरुण कुत्र्यांची गाडी घेऊन निघणार होता. त्याच सुमारास तो राहत होता त्या मुक्कामघराला आग लागली. धावपळीत गंजका खिळा पायात शिरला, जखम चिघळली आणि मोलाचे दिवस गेले. मार्च उजाडल्यावर त्याने कुत्र्यांचा नाद सोडून सायकल घेतली. अंगात जाड लोकरी कोट, हातात फरचे मोजे, नाकाला फरचं आवरण आणि जवळ १५०० डॉलरच्या सोन्याच्या कणांची चामडी थैली.

वसंत त्याच्या पाठोपाठ येत होता. उन्हाच्या परावर्तित झगमगाटाने डोळे दिपून त्याला दिसेनासं झालं. युकॉन सोडून तो समुद्रकिनाऱ्याला लागला तोवर बर्फाखाली पाणी खेळू लागलं होतं. शाकतूलिक नदी ओलांडताना तो पाण्यात पडला. जीव वाचला, सायकल वाचली, सोन्याची थैली मात्र गेली. ज्या सोन्यापायी तो अलास्कात आला होता, ते नदीने परत घेतलं.

पुढे नोम जवळ आलं आणि साखळी तुटली. आता पायडल मारूनही उपयोग नव्हता, पण पाठीमागून वारा होता. हिर्शबर्गने अंगातला कोट काढला, काठीच्या आधाराने तो पाठीवर शिडासारखा ताणला आणि सायकलवर बसला. वाऱ्याने त्याला समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठावरून पुढे ढकलत नेलं. १९ मे १९०० रोजी तो नोममध्ये पोहोचला.