ठरवून केलेला अपघात आणि बनावट विमा दावा : गाडीतला डॅशकॅम नेमका कधी कामाला येतो?

चामोर्शीहून गडचिरोलीकडे निघालं की साधारण ३० किलोमीटरचा रस्ता आहे. साकोलीहून सिरोंचाकडे जाणाऱ्या ३५३ सी या राष्ट्रीय महामार्गाचा हा भाग. या महामार्गावर सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज वाहणारे ट्रक असतात, हंगामात धानाचे ट्रॅक्टर असतात आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला निघालेल्या गाड्या असतात.

आता समजा, अशाच एखाद्या सुनसान टप्प्यावर मागून आलेली दुचाकी तुमच्या कारला घासते. चालवणारा पडतो, पाय धरून ओरडायला लागतो. कुठूनतरी तीन-चार जण येतात. 'दवाखान्याचा खर्च द्या आणि मिटवून टाका, नाहीतर केस होईल.' चूक कोणाची होती हे सांगणारं तिथे दुसरं कोणी नसतं. चौकात सीसीटीव्ही असतो, पण गावाबाहेर पडलं की तोही मागे राहतो.

अशा वेळी काचेवर चिकटवलेला काही हजार रुपयांचा कॅमेरा हा एकमेव साक्षीदार ठरू शकतो. पण तो प्रत्येक फसवणुकीत उपयोगी पडतोच असं नाही.

बंगळुरूत काय झालं होतं?

जानेवारी २०२३ मध्ये बंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर पहाटे तीनच्या सुमारास एक जोडपं कारने घरी चाललं होतं. समोरून उलट्या दिशेने आलेल्या दुचाकीने कारला मुद्दाम धडक दिली आणि दुचाकीवरचे दोघे गाडी थांबवायला सांगू लागले. जोडप्याने दार उघडलं नाही. गाडी मागे घेतली आणि ते निघाले. त्या दोघांनी काही किलोमीटर पाठलाग केला.

हा सगळा प्रकार डॅशकॅममध्ये रेकॉर्ड झाला होता. व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरला आणि पोलिसांनी दोघांना अटक केली. व्हिडिओ नसता तर कागदावर उरलं असतं ते एवढंच : कारने दुचाकीला धडक दिली आणि कारचालक पळून गेला.

अमेरिकेतही हेच दिसलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक कार दुसऱ्या कारच्या पुढे घुसली, थांबली आणि चक्क रिव्हर्स घेऊन मागच्या गाडीवर आदळली. मागच्या गाडीच्या डॅशकॅममध्ये ते स्पष्ट दिसलं आणि पुढे अटका झाल्या. लुइझियाना राज्यात तर टोळ्या मुद्दाम मोठ्या ट्रेलरला गाडी घासायच्या, कारण ट्रक कंपन्यांचा विमा मोठा असतो. त्या प्रकरणात वकिलांवरही आरोप झाले. तपासात मदत करणाऱ्या एका आरोपीचा २०२० मध्ये खून झाला.

आपल्याकडचा मोठा खेळ मात्र कागदावर चालतो

रस्त्यावर पैसे उकळणं हा छोटा प्रकार. भारतात विमा कंपन्यांना आणि निर्दोष गाडीमालकांना खरा फटका बसतो तो वेगळ्याच पद्धतीने. त्याला 'गाडी बदलणे' म्हणता येईल.

एखाद्याचा अज्ञात वाहनाच्या धडकेत खरोखर मृत्यू होतो किंवा कोणी स्वतःच घसरून पडतो. धडक देणारं वाहन सापडलं नाही, तर 'हिट अँड रन' योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हे आकडे १ एप्रिल २०२२ पासूनचे. त्याआधी ते फक्त २५ हजार आणि १२,५०० होते. याउलट विमा असलेलं वाहन सापडलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मृताचं वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं यावरून भरपाई ठरते. ती अनेक लाखांत जाऊ शकते.

या फरकातूनच लबाडी जन्माला येते. घटनेनंतर काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, अचानक एखादा 'प्रत्यक्षदर्शी' उगवतो आणि विमा असलेल्या गाडीचा नंबर सांगतो. कधी त्या गाडीचा मालक सामील असतो. कधी त्याला पत्ताही नसतो.

उत्तर प्रदेशात अशा संशयास्पद दाव्यांचं प्रमाण इतकं वाढलं की अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथून कानउघाडणी झाल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या बार कौन्सिलने २८ वकिलांना निलंबित केलं. म्हणजे हा एकट्यादुकट्या भामट्याचा उद्योग नाही.

आणि कागदावरचा प्रत्येक अपघात अपघातच असतो असंही नाही. मे २०२४ मध्ये नागपुरात एका ८२ वर्षांच्या वृद्धाचा कारच्या धडकेत मृत्यू झाला. नोंद आधी अपघात म्हणून झाली. पुढे पोलिसांनी तो मालमत्तेसाठी घडवलेला खून असल्याचा आरोप ठेवला आणि गडचिरोलीत नगररचना खात्यात अधिकारी असलेल्या सुनेला अटक केली. हे विम्याचं प्रकरण नाही आणि आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत. पण रस्त्यावर जे 'दिसतं' त्यावर लगेच विश्वास का ठेवू नये, ते यातून कळतं.

मग डॅशकॅम इथे काय करणार?

मुद्दाम दिलेल्या धडकेत, बरंच काही. पण 'गाडी बदलण्याच्या' प्रकारात एक मोठी अडचण आहे.

डॅशकॅम गोल फिरत रेकॉर्ड करतो. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहितो. फुल एचडी रेकॉर्डिंगला तासाला साधारण ६ ते ७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात नऊ-दहा तासांचं फुटेज मावतं. नोटीस तीन महिन्यांनी आली तर त्या दिवशीचं काहीच उरलेलं नसतं. तेव्हा उपयोगी पडतात ते टोलवरचे फास्टॅगचे व्यवहार, मोबाइलमधली लोकेशन हिस्टरी, पेट्रोल पंपाची ऑनलाइन पावती, गॅरेजचं बिल. ट्रक किंवा काळी-पिवळी चालवणाऱ्यांनी कॅमेऱ्यासोबत जीपीएस ट्रॅकर ठेवला तर महिन्यांपूर्वीची जागा दाखवता येते.

धडक बसली की बहुतेक कॅमेऱ्यांतला सेन्सर ती क्लिप आपोआप लॉक करतो. पण दुचाकी हलकेच घासली तर धक्का तेवढा जाणवत नाही आणि क्लिप लॉक होत नाही. म्हणून काही घडलं की आधी कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबायचं आणि नंतर शक्य तितक्या लवकर कार्ड काढून ठेवायचं.

विकत घेताना विदर्भातला उन्हाळा आठवा

चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेजवळ त्याहून कितीतरी जास्त तापतं. लिथियम बॅटरीचे स्वस्त कॅमेरे फुगतात ते याच काळात. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घेतलेला बरा. मेमरी कार्डही 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचं हवं. साधं कार्ड सतत लिहून-पुसून खराब होतं आणि ते खराब झाल्याचं नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

मागचा कॅमेरा हवाच. पैसे उकळणारे बऱ्याचदा मागून किंवा बाजूने येतात. तारीख आणि वेळ महिन्यातून एकदा तपासा. २०१९ ची तारीख दाखवणारं फुटेज समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत देतं.

कोर्टात हे फुटेज चालतं का?

चालतं, पण नुसतं व्हॉट्सॲपवर पाठवून नाही.

याचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात लागला, आणि तो निवडणुकीचा होता. २०१४ मध्ये जालना विधानसभेत अर्जुन खोतकर जिंकले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा आणि पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर त्याची गरज नाही.

तेव्हा हे पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्यात ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल अंगठा, नोंदवावी लागते.

त्यामुळे मूळ कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका. नवीन कार्ड दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं. व्हिडिओ कापू नका, त्यावर गाणं-बाण टाकू नका. पोलिसांना कार्ड दिलं तर पंचनाम्यात किंवा पोचपावतीत त्याची नोंद करून घ्या. रील टाकायची घाई तर नकोच : चेहरा दिसणारा माणूस निर्दोष निघाला तर बदनामीची केस तुमच्यावर होईल.

प्रसंग घडलाच तर

पडलेला माणूस खरंच जखमी असू शकतो, हे आधी गृहीत धरावं. १०८ ला फोन, मग ११२ ला. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला जखमीला मदत करायला आणि पोलिसांना कळवायला सांगतं. त्याच कलमात जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर सूट आहे. पण सूट म्हणजे घरी निघून जाणं नव्हे. चामोर्शीजवळ असाल तर सरळ चामोर्शी पोलीस ठाणं गाठायचं, वाटेतूनच ११२ ला सांगून ठेवायचं आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवायचं.

जागेवर पैसे देऊन मिटवणं सोपं वाटतं. पण रोख दिलेली रक्कम उद्या 'चूक कबूल केली' म्हणून सांगितली जाऊ शकते, आणि पैसे घेऊनही दावा ठोकला जातो. धमकी देऊन पैसे मागितले तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरू शकते. कॅमेऱ्याचा माइक सुरू असेल तर ते बोलणंही रेकॉर्ड होतं.

२०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. घटनास्थळाचे फोटो-व्हिडिओ घेणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुमचं फुटेज या टप्प्यावर पोचलं तर त्याचं वजन वेगळं. खटला उभा राहिल्यावर बाहेर काढलेल्या क्लिपवर 'इतके दिवस कुठे होती?' हा पहिला प्रश्न येतो.

न्यायाधिकरणाची नोटीस आली की बरेच गाडीमालक ती बाजूला ठेवतात. 'विमा आहे ना, कंपनी बघेल.' कंपनी बघते, पण स्वतःच्या बाजूने. मालक हजरच राहिला नाही किंवा दावेदाराशी संगनमत दिसलं, तर कलम १७० खाली कंपनी परवानगी घेऊन सगळ्या मुद्द्यांवर लढू शकते. चालकाचं लायसन्स किंवा परमिट नियमात नसेल, तर भरपाई आधी कंपनीकडून देववून नंतर ती मालकाकडून वसूल करायला सांगणारे आदेशही होतात. त्याशिवाय चालकावरचा फौजदारी गुन्हा वेगळा चालतो, त्यात विमा कंपनी काहीच करू शकत नाही.